वाचकांचे प्रश्न : आलेखावरील आकृतीची परिमिती

या महिन्यात गणिताच्या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे निर्देशक भूमितीची आहेत, आणि त्यांतही परिमितीविषयीचे प्रश्न अधिक आहेत. विद्यार्थी, पालक आणि एक संत्रा उत्पादक अशा वेगवेगळ्या लोकांनी ती लिहिली असली, तरी त्यांचा मूळ प्रश्न एकच दिसतो : दोन बिंदूंमधील अंतर म्हणजे नेमके काय, आणि ते बिंदू कोणत्या क्रमाने जोडायचे. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. शाळेच्या चाचणीत अ (१, २), ब (७, २), क (७, ६), ड (४, १०) आणि इ (१, ६) हे बिंदू याच क्रमाने जोडून होणाऱ्या पंचकोनाची परिमिती विचारली होती. तिने आलेख कागदावर आकृती काढून चौकटी मोजल्या आणि २६ हे उत्तर लिहिले. तिच्या मैत्रिणीनेही चौकटीच मोजल्या, पण तिचे उत्तर २२ आले. दोन्ही उत्तरे चुकीची ठरली. लहान वर्गांत चौकटी मोजूनच परिमिती काढायला शिकवतात, मग तीच रीत येथे का चालत नाही?
— एक पालक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : चौकटी मोजण्याची रीत चुकीची नाही, ती फक्त आडव्या आणि उभ्या बाजूंपुरती आहे, आणि हे बंधन मुलांना कोणी स्पष्टपणे सांगत नाही. आपण दिलेली आकृती कागदावर काढली तर ती उतरत्या छपराच्या घरासारखी दिसते. खालची बाजू अब आडवी आहे, कारण दोन्ही टोकांचा य-निर्देशक २ आहे. तिची लांबी ७ वजा १ म्हणजे ६. बाजू बक आणि इअ उभ्या आहेत आणि प्रत्येकीची लांबी ६ वजा २ म्हणजे ४ आहे. येथपर्यंत दोघी मुलींचे मोजणे बरोबर आहे, कारण आडव्या किंवा उभ्या रेषेवर एका चौकटीची कड म्हणजे एक एकक हे तंतोतंत खरे असते.

घोटाळा छपराच्या दोन तिरप्या बाजूंमध्ये झाला आहे. क (७, ६) पासून ड (४, १०) पर्यंत जाणारी रेषा वाटेत सहा चौकटींमधून जाते. आपल्या मुलीने त्या सहा मोजल्या असाव्यात. मैत्रिणीने ही रेषा किती ओळी वर चढते ते पाहिले आणि ४ धरले. या दोन्ही संख्या खऱ्या असल्या, तरी त्यांपैकी एकही त्या रेषेची लांबी नाही. तिरपी रेषा एखाद्या चौकटीचा नुसता कोपरा कापून गेली तरी तिची मोजणी एक होते, आणि चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण आडवी-तिडवी गेली तरीही एकच होते. प्रत्यक्षात दुसऱ्या बाबतीत तिची चौकटीतील लांबी २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१ एकक असते. चौकटी मोजून आपल्याला चौकटींची संख्या कळते, लांबी कळत नाही.

लांबी काढण्यासाठी क पासून ३ एकके डावीकडे आणि तेथून ४ एकके वर गेलो असे समजावे. या दोन हालचाली एकमेकींना लंब आहेत, म्हणून कड ही बाजू एका काटकोन त्रिकोणाचा कर्ण होते, आणि पायथागोरसच्या प्रमेयानुसार तिचा वर्ग ९ अधिक १६, म्हणजे २५ येतो. बाजू कड ५ एकके झाली. बाजू डइ साठीही आडवा फरक ३ आणि उभा फरक ४ आहे, म्हणून तीही ५ एकके. एकूण परिमिती ६ + ४ + ५ + ५ + ४ = २४ एकके. दोघी मुलींच्या उत्तरांची सरासरी नेमकी २४ येते, परंतु तो निव्वळ योगायोग आहे. मुलींनी त्यातून काही रीत शोधू नये.

दहावीच्या ‘गणित भाग २’ मधील निर्देशक भूमितीच्या प्रकरणात जे अंतराचे सूत्र दिले आहे, ते याहून वेगळे काही नाही. क्ष-निर्देशकांच्या फरकाचा वर्ग, य-निर्देशकांच्या फरकाचा वर्ग, त्यांची बेरीज आणि त्या बेरजेचे वर्गमूळ : हे पायथागोरसचे प्रमेयच आहे, फक्त त्रिकोण काढून दाखवलेला नाही. आडव्या बाजूला हेच सूत्र लावले तर य-निर्देशकांचा फरक शून्य येतो आणि उत्तर चौकटी मोजून आलेल्या उत्तराइतकेच मिळते. म्हणजे चौकटी मोजणे ही या सूत्राचीच एक सोपी विशेष स्थिती आहे, असे मुलीला सांगितले तर प्राथमिक शाळेतील शिकवण खोटी होती असे तिला वाटणार नाही.

एक तक्रार मात्र प्रश्न काढणाऱ्यांविषयी नोंदवावीशी वाटते. ३, ४ आणि ५ हे त्रिकूट इतके सोयीचे आहे की बहुतेक सराव-प्रश्न त्यावरच बेतलेले असतात. त्यामुळे मुलांना तिरप्या बाजूची लांबीही पूर्ण संख्याच असणार असे वाटू लागते, आणि मग चौकटी मोजून आलेली पूर्ण संख्या त्यांना खटकत नाही. पहिल्याच उदाहरणात उत्तर करणीत आले असते, तर चौकटी मोजण्याचा मोह आपोआप कमी झाला असता.

मुलीला पडताळा घ्यायचा असेल तर तिने पट्टी वापरावी. एक सेंटिमीटर म्हणजे एक एकक या प्रमाणात आकृती काढली असेल तर तिरपी बाजू ५ सेंटिमीटर भरेल. मात्र दोन्ही अक्षांवरील प्रमाण सारखेच असले पाहिजे. आलेखात क्ष-अक्षावर एक आणि य-अक्षावर दुसरे प्रमाण घेण्याची सवय मुलांना असते, आणि तशा आकृतीत तिरप्या बाजूला लावलेली पट्टी काहीच खरे सांगत नाही.

प्रश्न : प (−२, १), फ (४, ३) आणि ब (१, −३) या त्रिकोणाच्या बाजू मला √४०, √४५ आणि √२५ मिळाल्या. त्यांची बेरीज √११० लिहिली, तर सरांनी ती खोडली. बाजू बरोबर असताना उत्तर का खोडले?
— दहावीचा विद्यार्थी, उमरेड

उत्तर : बाजू तू अगदी बरोबर काढल्या आहेस, आणि पफ या बाजूसाठी ४ वजा (−२) म्हणजे ६ धरलेस याचे विशेष कौतुक वाटते, कारण तेथेच अनेक जण २ लिहून मोकळे होतात. चूक शेवटच्या पायरीवर आहे. वर्गमुळांची बेरीज म्हणजे बेरजेचे वर्गमूळ नव्हे. √२५ म्हणजे ५, √४५ म्हणजे ३√५ आणि √४० म्हणजे २√१०. या करणी विजातीय असल्यामुळे त्या एकत्र मिळवता येत नाहीत, आणि परिमिती ५ + ३√५ + २√१० अशीच ठेवावी लागते. दशांशात ती सुमारे १८.०३ एकके होते.

तुझे √११० दशांशात सुमारे १०.४९ होते, आणि केवळ ही एक तुलना केली असतीस तरी शंका आली असती. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, म्हणून परिमिती ही सर्वांत मोठ्या बाजूच्या दुपटीपेक्षा मोठी असलीच पाहिजे. येथे मोठी बाजू ३√५, म्हणजे सुमारे ६.७१ आहे, तिची दुप्पट १३.४२. त्याहून लहान असलेले कोणतेही उत्तर हिशोब न पाहताही बाद करता येते. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे आणि परीक्षेत तो प्रत्येक वेळी करण्यासारखा आहे. दशांशात उत्तर विचारले नसेल तर करणीचे रूपच अंतिम ठेव. विचारले असेल तर प्रत्येक बाजू आधी पूर्णांकात बदलून मग बेरीज करू नकोस, बेरीज झाल्यावर एकदाच संख्या आटोपशीर कर.

प्रश्न : उत्तरापुढे सेंटिमीटर लिहायचे की नाही?
— दहावीची विद्यार्थिनी, सदर, नागपूर

उत्तर : प्रश्नात एकक दिले असेल तर तेच लिहावे, नसेल तर परिमितीपुढे ‘एकक’ आणि क्षेत्रफळापुढे ‘चौरस एकक’ लिहावे.

प्रश्न : तिरप्या रेषेऐवजी आपण पायऱ्या काढल्या, म्हणजे थोडे डावीकडे, थोडे वर, पुन्हा थोडे डावीकडे, तर सगळ्या पायऱ्यांची मिळून लांबी मोजता येते. पायऱ्या खूप लहान केल्या तर त्या तिरप्या रेषेसारख्याच दिसतात. मग तिरप्या रेषेची लांबी पायऱ्यांच्या लांबीएवढी का धरत नाहीत?
— नववीची विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : तुझा प्रश्न शालेय पाठ्यपुस्तकाच्या पुढचा आहे आणि तो विचारल्याबद्दल तुझे अभिनंदन करतो. पहिल्या पत्रातीलच बाजू घेऊ : (७, ६) पासून (४, १०) पर्यंत, म्हणजे एकूण ३ एकके डावीकडे आणि ४ एकके वर. एकच मोठी पायरी काढलीस तर लांबी ३ अधिक ४, म्हणजे ७ होते. दहा पायऱ्या काढल्यास तर प्रत्येक पायरी ०.३ आडवी आणि ०.४ उभी, म्हणजे ०.७ लांब, दहा पायऱ्यांची पुन्हा ७. हजार पायऱ्यांची प्रत्येक पायरी ०.००७ लांब आणि एकूण पुन्हा ७. पायऱ्या डोळ्यांना दिसेनाशा झाल्या तरी ही बेरीज ७ वरून तसूभरही खाली येत नाही, आणि तिरपी रेषा मात्र ५ एककेच राहते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. पायऱ्यांची रेघ आणि तिरपी रेषा यांच्यामध्ये अडकलेले क्षेत्रफळ खरोखरच कमी होत जाते : एका पायरीला ते ६ चौरस एकके असते, दहा पायऱ्यांना ०.६ आणि हजार पायऱ्यांना ०.००६. म्हणून दोन्ही रेघा कागदावर एकमेकींवर बसलेल्या दिसतात, आणि क्षेत्रफळ काढण्यासाठी पायऱ्यांची युक्ती चालतेही. लांबी मात्र रेघ कोठून जाते यावरच नव्हे, तर प्रत्येक ठिकाणी ती कोणत्या दिशेने जाते यावर अवलंबून असते, आणि पायऱ्या कितीही लहान केल्या तरी त्या प्रत्येक वेळी एकतर आडव्या असतात किंवा उभ्या. तिरप्या दिशेकडे त्या जराही झुकत नाहीत. हजाराव्या पायरीला भिंग लावून पाहिलेस तर तेथेही ०.००३, ०.००४ आणि ०.००५ हाच त्रिकोण दिसेल, आणि त्यात कर्णाऐवजी दोन लहान बाजूंवरून गेल्यामुळे पाच भागांच्या जागी सात भाग अंतर पडलेलेच असेल.

उलट, लहान तुकडे घेऊन लांबी काढण्याची कल्पना मुळातच चुकीची आहे असे मात्र समजू नकोस. आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंचे बहुभुज कल्पून त्यांच्या परिमितींमध्ये वर्तुळाचा परीघ पकडला, आणि परीघ व व्यास यांचे गुणोत्तर २२३/७१ आणि २२/७ यांच्या दरम्यान असते असे दाखवले. शाळेत आपण वापरतो तो २२/७ हा त्यातील वरचा आकडा होय. त्याचे तुकडे तुझ्या पायऱ्यांपेक्षा या अर्थाने वेगळे होते की बाजू वाढवत नेल्या तशी प्रत्येक बाजूची दिशाही त्या जागच्या वर्तुळाच्या दिशेशी जुळत जाते. याच कारणासाठी वक्र बाजू असलेल्या आकृतीची परिमिती काढताना वक्रावर जवळजवळ बिंदू घेऊन ते सरळ रेषांनी जोडतात आणि प्रत्येक तुकड्याला अंतराचे सूत्र लावतात; आडव्या-उभ्या चौकटींच्या कडा मोजत नाहीत.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका सराव-पुस्तिकेत म (०, ०), न (८, ०), र (४, ६), स (४, ३) हे चार बिंदू देऊन त्यांच्यापासून होणाऱ्या चौकोनाची परिमिती विचारली आहे. माझे उत्तर १० + ४√१३ येते, मित्राचे १६ + २√१३ येते. दोघांचाही हिशोब पुन्हापुन्हा तपासला, चूक सापडत नाही.
— एक परीक्षार्थी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : चूक सापडत नाही, कारण ती आपल्या हिशोबात नसून प्रश्नात आहे. बिंदूंची नुसती यादी दिली म्हणजे आकृती दिली असे होत नाही. कोणता बिंदू कोणाला जोडायचा हे सांगितल्यावरच आकृती ठरते. येथे स हा बिंदू म, न आणि र यांच्या त्रिकोणाच्या आत आहे. अशा वेळी तेच चार बिंदू वापरून, बाजू एकमेकींना न छेदता, तीन वेगवेगळे चौकोन काढता येतात.

आपण म, स, न, र या क्रमाने गेलात असे दिसते : बाजू ५, ५, २√१३ आणि २√१३, म्हणून परिमिती १० + ४√१३, सुमारे २४.४२ एकके. आपला मित्र म, न, र, स या क्रमाने गेला : ८, २√१३, ३ आणि ५, म्हणून १६ + २√१३, सुमारे २३.२१ एकके. तिसरा क्रम म, न, स, र हा मित्राच्या आकृतीचे आरशातील प्रतिबिंब आहे आणि त्याची परिमितीही तितकीच येते. आणखी एक गंमत अशी की आपल्या चौकोनाचे क्षेत्रफळ १२ चौरस एकके आहे आणि मित्राच्या चौकोनाचे १८. म्हणजे ज्याची परिमिती मोठी, त्याचे क्षेत्रफळ लहान आहे. या दोन राशी एकमेकींबरोबर वाढतात असा जो समज अनेकांच्या मनात घट्ट बसलेला असतो, तो तपासण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे, आणि पुस्तिकेने ते नकळत का होईना उपलब्ध करून दिले आहे.

चारही बिंदू बहिर्वक्र चौकोनाचे कोपरे असतील, म्हणजे कोणताही एक बिंदू उरलेल्या तिघांच्या त्रिकोणात येत नसेल, तर न छेदणारी आकृती एकच निघते आणि प्रश्नाचा अर्थ सावरून घेता येतो. उदाहरणार्थ (०, ०), (४, ०), (४, ३), (०, ३) हा आयत असून त्याची परिमिती १४ आहे. हेच बिंदू (०, ०), (४, ३), (४, ०), (०, ३) असे मागे-पुढे घेतले तर दोन बाजूंच्या जागी दोन कर्ण मोजले जातात आणि उत्तर १६ येते. बहिर्वक्र चौकोनाच्या दोन कर्णांची बेरीज समोरासमोरच्या कोणत्याही दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा नेहमीच मोठी असते, म्हणून चुकीच्या क्रमाने काढलेले उत्तर अशा वेळी नेहमी जास्तच येते. सूत्र लावण्याआधी कच्च्या कागदावर चार ठिपके देऊन पाहणे हा यावरचा साधा उपाय आहे. प्रश्नात ‘चौकोन मनरस’ असे नाव दिलेले असेल तर मात्र शंकेला जागा राहत नाही. चौकोनाच्या नावातील अक्षरांचा क्रम हाच शिरोबिंदू जोडण्याचा क्रम असतो.

प्रश्न : संत्र्याच्या बागेला तारेचे कुंपण घालायचे आहे. चारही धुऱ्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहून मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घेतले. मुलाने ते अंतराच्या सूत्रात घातले आणि एक अंश म्हणजे १११ किलोमीटर धरून परिमिती काढली. पायांनी मोजले तर अंतर बरेच कमी भरते. सूत्र चुकले की मोबाइल?
— एक संत्रा उत्पादक, काटोल तालुका

उत्तर : सूत्र बरोबर आहे आणि मोबाइलचाही दोष थोडाच आहे; मुख्य दोष १११ या आकड्याचा आहे. अंतराचे सूत्र दोन्ही अक्षांवरील एकक सारखेच आहे असे गृहीत धरते, आणि अक्षांशाचा एक अंश व रेखांशाचा एक अंश हे जमिनीवर सारख्या लांबीचे नसतात. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येतात. म्हणून पूर्व-पश्चिम दिशेचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११.३ किलोमीटर भरतो, तर काटोलच्या अक्षांशावर, म्हणजे २१.२७ अंशांच्या आसपास, तो सुमारे १०३.८ किलोमीटरच भरतो. उत्तर-दक्षिण दिशेचा एक अंश आपल्याकडे सुमारे ११०.७ किलोमीटर आहे. १०३.८ हा आकडा लक्षात ठेवायचा नसेल तर १११.३ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे. शेताच्या हिशोबाला तेवढे पुरते.

आपल्या पत्रात आकडे नाहीत, म्हणून नमुन्यादाखल पूर्व-पश्चिम ०.००२० अंश आणि उत्तर-दक्षिण ०.००१५ अंश असलेली आयताकृती बाग घेऊ. मुलाच्या रीतीने बाजू २२२ मीटर आणि १६६.५ मीटर येतील आणि परिमिती ७७७ मीटर होईल. योग्य आकडे घेतले तर पूर्व-पश्चिम बाजू २०७.६ मीटर, उत्तर-दक्षिण बाजू सुमारे १६६ मीटर आणि परिमिती सुमारे ७४७ मीटर येते. साडेआठ एकरांच्या बागेत हा तीस मीटरांचा फरक पडला. तारेचे चार पदर घालायचे असतील तर एकशे वीस मीटर तार जास्त घेतली जाईल.

धुरे तिरपे असतील तर मुलाने पुढील क्रम ठेवावा. एक कोपरा आरंभबिंदू मानून उरलेल्या तीन कोपऱ्यांचे रेखांशातील फरक १,०३,८०० ने आणि अक्षांशातील फरक १,१०,७०० ने गुणावेत, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याचे निर्देशक मीटरमध्ये मिळतील, आणि मग धुऱ्यावरून चालण्याच्या क्रमाने चारही बाजूंना अंतराचे सूत्र लावावे. अंशांवर सूत्र लावून शेवटी एकाच आकड्याने गुणण्यात त्याची गफलत झाली आहे. इतक्या लहान क्षेत्रासाठी पृथ्वीची वक्रता धरण्याचे कारण नाही. ती मोठ्या अंतरांना धरावी लागते, आणि उपखंडाची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनसारख्या मोजणीदारांना ती धरावीच लागली. ते १८२३ मध्ये नागपूरकडे येत असताना आपल्या विदर्भातच, हिंगणघाट येथे वारले.

मोबाइलचा दोष असा की तो कोपऱ्याची जागा काही मीटरांनी चुकवू शकतो. झाडाखाली उभे राहिल्यास अधिकच. दशांशानंतरचा पाचवा आकडा जमिनीवर सुमारे एक मीटर दाखवतो, म्हणून त्यापुढच्या आकड्यांवर फारसे विसंबू नये, मात्र पाच आकडे तरी लिहून घ्यावेत. तीनच घेतले तर शंभर मीटरांपर्यंतचा गोंधळ होतो. तार खरेदी करण्याआधी निदान एक लांब धुरा फितीने मोजून हिशोबाशी ताडून पाहावा, फाटकाची रुंदी वजा करावी आणि कोपऱ्यांच्या खांबांना गुंडाळण्यासाठी थोडी तार जास्त धरावी. शेजाऱ्याशी धुऱ्यावरून वाद असेल तर यांपैकी कोणताही हिशोब उपयोगाचा नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून मोजणी करून घ्यावी आणि खांब त्यानंतरच रोवावेत.